पट्टी कुणासाठी करतेस, ते आधी ठरव

अगं, तुझा मेसेज वाचला. विषय मिळाला म्हणून इतकी खूश आहेस, ते वाचून मलाही बरं वाटलं. मनोविकारावरचं औषध त्वचेतून द्यायचं, ही एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला शोभणारीच कल्पना आहे. पण औषध कोणतं घ्यायचं ते अजून ठरलेलं नाही आणि ‘सर म्हणाले, कुठलंही अँटिसायकोटिक घे, नॅनो जेल केलं की पेपर होतो’ हे तुझं वाक्य माझ्या मनातून जाईना. म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवतेय. फोनवर बोलले असते तर ‘हो गं ताई, कळलं’ म्हणून तू मध्येच विषय बदलला असतास.

आधी मला एवढंच सांग, गोळी असताना पट्टी कशाला? तुझ्या प्रस्तावनेत ‘रुग्ण औषध नियमित घेत नाहीत म्हणून’ असं तू लिहिशीलच. सगळेच लिहितात. पण रुग्ण गोळी का टाळतो याची कारणं माणसागणिक वेगळी असतात. एखादीला गोळी पोटात गेली की मळमळतं. एखाद्याच्या ती घशाखाली उतरत नाही. एखाद्या आजोबांना सकाळची घेतली की नाही तेच आठवत नाही. एखादीचं वजन वर्षभरात इतकं वाढलेलं असतं की तिला आरशात बघवत नाही. आणि एखाद्याला आपण आजारी आहोत हेच मान्य नसतं. पहिल्या तिघांना पट्टीचा खरा उपयोग होऊ शकतो. वजन वाढलेल्या मुलीला बहुधा नाही, कारण औषध पोटातून गेलं काय किंवा दंडातून गेलं काय, रक्तात पोचल्यावर ते जे करायचं तेच करतं. आणि ज्याला आजारच मान्य नाही तो पट्टी सरळ ओढून काढेल.

आपल्याकडे लावायचं औषध म्हणजे सौम्य, असा एक समज घट्ट बसलाय. बाम लावला, लेप लावला, अपाय कसला? हा समज तू तरी ठेवू नकोस. अंगाच्या दुखण्यावर लावायचं मलम त्या जागेपुरतं काम करतं. तुला जे करायचंय ते कातडीतून थेट रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला हवं. ते गोळीइतकंच ताकदीचं असणार आणि गोळीइतकीच काळजी मागणार.

आता जरा हिशेब करू, वही घे.

कातडीचा सगळ्यात वरचा, मृत पेशींचा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो. पेशींच्या मधल्या फटींत चरबी भरलेली. बाहेरचं काही आत येऊ नये म्हणूनच निसर्गानं तो केलाय, आणि तो आपलं काम चोख करतो. मॉलिक्यूलचं वजन ५०० डाल्टनच्या वर गेलं की त्याला सहसा प्रवेश नाही, हे तू पुस्तकात वाचलंयस. औषध थोडं चरबीत आणि थोडं पाण्यात विरघळणारं हवं, तेही पाठ असेल. पण मुलं विसरतात ती दिवसाची मात्रा. डिप्रेशनवरची सेलेजिलिनची पट्टी घे. सगळ्यात लहान पट्टी २० चौरस सेंटीमीटरची, २४ तासांत ६ मिलिग्रॅम औषध देते. म्हणजे एका चौरस सेंटीमीटरमधून दिवसाला ०.३ मिलिग्रॅम. आता याच वेगानं लिथियम द्यायचं ठरवलंस तर? दिवसाला ९०० मिलिग्रॅम लिथियम कार्बोनेट धरलं तर ३,००० चौरस सेंटीमीटरची पट्टी लागेल. प्रौढ माणसाच्या एकूण कातडीच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढी! शिवाय लिथियमचे आयन त्या चरबीतून तेवढ्या वेगानंही जाणार नाहीत. व्हॅलप्रोएटचं तेच, क्वेटियापिनचं तेच, क्लोझापिनचं तेच. शेकडो मिलिग्रॅमची औषधं दंडावरच्या पट्टीत मावत नाहीत. त्यांच्यावरही नॅनो जेलचे प्रबंध होतात, पदव्याही मिळतात. तुझं हे वर्ष अशा ठिकाणी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मग काय जमलंय? जमलंय तिथे प्रत्येक वेळी कुणीतरी एका विशिष्ट माणसाची विशिष्ट अडचण पकडलेली आहे. हेच मला तुला सांगायचंय.

सेलेजिलिनचीच गोष्ट बघ, मला ती फार आवडते. डिप्रेशनवरच्या पहिल्या औषधांत एमएओ इन्हिबिटर हा गट होता. गुणकारी होता, पण १९६० च्या सुमारास काही रुग्णांना अचानक भयंकर डोकेदुखी व्हायची, रक्तदाब उसळायचा, काहींचा जीवही गेला. कारण कळत नव्हतं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या एका फार्मासिस्टच्या लक्षात आलं की आपल्या बायकोला हा त्रास चीज खाल्ल्यावर होतोय. त्यानं तसं पत्रानं कळवलं. लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमधल्या बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरनं त्या धाग्याचा पाठपुरावा केला आणि १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. मुरवलेल्या चीजमध्ये टायरामिन असतं. एरवी आतड्याच्या भिंतीतलं आणि यकृतातलं एन्झाइम त्याचा निकाल लावतं. औषधानं ते एन्झाइमच बंद पाडलेलं, त्यामुळे टायरामिन थेट रक्तात. एका फार्मासिस्टनं घरच्या जेवणाच्या टेबलावर नीट लक्ष ठेवलं, त्यातून हे उलगडलं. तूही फार्मासिस्टच आहेस, म्हणून मुद्दाम सांगते.

सेलेजिलिन याच गटातलं, म्हणून पुढे पट्टीला अर्थ आला. औषध कातडीतून दिलं तर ते आतड्याला आणि यकृताच्या पहिल्या फेरीला वळसा घालून मेंदूत पोचतं. आतड्यातलं एन्झाइम बरंचसं शाबूत राहतं. फेब्रुवारी २००६ मध्ये अमेरिकेत एमसॅम नावाची ही पट्टी मंजूर झाली, डिप्रेशनवरची पहिली. ६ मिलिग्रॅमच्या पट्टीला खाण्यापिण्याचं पथ्य लागत नाही, ९ आणि १२ ला लागतं. इथे पट्टीमुळे केवळ सोय झाली नाही, औषधाचा मुख्य धोकाच कमी झाला. अशा ठिकाणी पट्टी करायला मजा आहे.

असेनापिनचं कारण वेगळं. गिळलं तर २ टक्केही रक्तात पोचत नाही, सगळं यकृतात संपतं. म्हणून ते जिभेखाली ठेवायचं, तिथून साधारण ३५ टक्के जातं. पण जिभेला बधिरपणा येतो, चव नकोशी आणि पुढची १० मिनिटं पाणीसुद्धा प्यायचं नाही. दिवसातून दोनदा हे सांभाळायचं. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याची पट्टी अमेरिकेत मंजूर झाली, २४ तासांची. त्याच वर्षी, काही महिने आधी, जपाननं ब्लोनॅन्सेरिनची पट्टी मंजूर केली होती. स्किझोफ्रेनियावरची ती जगातली पहिली. ब्लोनॅन्सेरिनची गोळी जेवणानंतरच घ्यावी लागते, नाहीतर नीट शोषली जात नाही. आता आजारात ज्याचं जेवणाचंच वेळापत्रक मोडलंय, त्याला ‘जेवणानंतर’ हे सांगून काय उपयोग? पट्टीला जेवणाशी देणंघेणं नाही.

आणि डिमेन्शियातली रिवास्टिग्मिनची पट्टी तर आपल्याकडेही मिळते. २००७ मध्ये ती आली तेव्हा कॅप्सूलशी तुलना झाली होती. परिणाम सारखाच, पण मळमळ-उलट्यांच्या तक्रारी जवळपास एकतृतीयांशावर. ज्या घरात आजींना दोन घास भरवताना जीव मेटाकुटीला येतो, त्या घराला उलट्या थांबणं म्हणजे काय ते विचार.

आता नाण्याची दुसरी बाजू. अमेरिकेतल्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांच्या शुश्रूषा केंद्रांत, एबीएच नावाचं एक जेल खूप वापरलं जायचं. लोरॅझेपाम, डायफेनहायड्रामिन आणि हॅलोपेरिडॉल ही तीन औषधं जेलमध्ये घोटायची आणि मळमळीसाठी मनगटाच्या आतल्या बाजूला चोळायची. नर्स सांगायच्या, गुण येतो. घरचे सांगायचे, गुण येतो. २०१२ मध्ये १० निरोगी स्वयंसेवकांवर ते लावून रक्त तपासलं. लोरॅझेपाम आणि हॅलोपेरिडॉल रक्तात सापडलंच नाही, डायफेनहायड्रामिन काही जणांत नाममात्र. दोन वर्षांनी रुग्णांवर औषध नसलेल्या नुसत्या जेलशी तुलना झाली, त्यातही ते सरस ठरलं नाही. म्हणजे मरणाच्या दारातल्या माणसांना, ज्यांना खरंच काही मिळायला हवं होतं, प्रेमानं चोळून दिलं जात होतं आणि आत काही जातच नव्हतं. हॅलोपेरिडॉलची मात्रा कमी असते, आपल्या मघाच्या हिशेबात ते बसतंही. तरी साध्या जेलमधून गेलं नाही. हिशेबात बसलं म्हणजे आत गेलं, असं समजायचं नसतं.

म्हणून प्रयोगशाळेतल्या काही गोष्टी आत्ताच मनाशी पक्क्या कर. फ्रान्झ सेलमध्ये, म्हणजे पडद्यातून औषध किती पार होतं ते मोजायच्या काचेच्या भांड्यात, सेलोफेनचा किंवा डायलिसिसचा पडदा लावून जो आलेख मिळतो, तो औषध जेलमधून सुटलं एवढंच सांगतो. कातडीतून गेलं असं तो सांगत नाही. तरी कितीतरी प्रबंधांत त्याच आलेखाखाली ‘त्वचेतून प्रवेश’ असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. उंदराची कातडी वापरलीस तर आकडे छान येतील, कारण ती माणसाच्या कातडीपेक्षा पुष्कळ सैल आहे. त्यापेक्षा डुकराच्या कानाची कातडी घे, ती माणसाच्या बरीच जवळची. खाटीकखान्यातून ताजी आणायची, पण आधी सांगून ठेव की गरम पाण्यातून काढलेली नको. ६० अंशांच्या पाण्यात मिनिटभर ठेवलं की वरचा थर सुटून येतो, तेव्हा तशा पाण्यातून आधीच निघालेली कातडी काय कामाची? केस कापायचे, पण वस्तरा चालवायचा नाही. मागची चरबी खरवडताना घाई करायची नाही, एक बारीक भोक पडलं तरी त्या सेलचा आकडा फेकून द्यावा लागतो. आणि कातडीच्या खाली हवेचा बुडबुडा राहिलाय का ते प्रत्येक नमुना काढल्यावर सेल तिरका करून बघ. बुडबुडा असला की तेवढ्या जागेतून काही खाली उतरत नाही आणि तू रात्री बारा वाजता एचपीएलसीच्या यंत्रासमोर बसून विचार करत राहशील की आज आकडा का पडला.

ऑलिक ॲसिड, प्रॉपिलीन ग्लायकॉल, मेन्थॉल यांनी वाट मोकळी होते हे खरं. पण जे वाट मोकळी करतं ते बहुतेकदा कातडीला झोंबतंही. एका दिवसाच्या प्रयोगात ते कळत नाही. मनोविकारावरची औषधं महिनोन् महिने, वर्षानुवर्षं लागतात. तीस दिवस, तीस जागा, मग पुन्हा पहिली जागा. त्या पहिल्या जागेची कातडी तोवर सावरली आहे का, हे तुझ्या प्रबंधात असायला हवं. रिवास्टिग्मिनच्या पट्टीला १४ दिवस तीच जागा वापरू नका असं बजावलेलं असतं, ते उगाच नाही.

पट्टी केलीस तर स्फटिकांवर डोळा ठेव. औषध गोंदात ठासून भरलं की आरंभी सगळं सुंदर, पारदर्शक दिसतं आणि महिन्यांनी त्यात कण धरतात. पार्किन्सन्सवरच्या रोटिगोटिनच्या पट्टीवर हीच वेळ आली. २००८ मध्ये स्फटिकांपायी ती अमेरिकेच्या बाजारातून काढून घ्यावी लागली आणि परत यायला २०१२ उजाडलं. स्फटिक झालेलं औषध कातडीत उतरत नाही, रुग्णाला मात्र वाटतं आपण पट्टी लावलीय.

आता एक बायकी म्हणून दुर्लक्षिली जाणारी गोष्ट, पण मला ती अगदी मध्यवर्ती वाटते. टिकलीमुळे कपाळावर पांढरा डाग पडलेल्या बायका तू पाहिल्या असशील. टिकलीच्या गोंदातल्या एका फिनॉल वर्गातल्या रसायनानं कातडीचा रंग जातो, त्वचारोगतज्ज्ञांना हे वर्षानुवर्षं ठाऊक आहे. तर मुलांच्या एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेटची जी पट्टी २००६ मध्ये अमेरिकेत आली, तिच्याबद्दल २०१५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं इशारा दिला की काही जणांचा त्वचेचा रंग कायमचा जातो. पट्टी मुळात चांगली. मुलाच्या कमरेखाली बाजूला ९ तास लावायची, आणि संध्याकाळी भूक-झोप बिघडते असं वाटलं तर लवकर काढायची. दिलेली गोळी परत काढता येत नाही, पट्टी काढता येते, हा मोठा गुण. पण आपल्याकडे एखाद्या सावळ्या मुलीच्या अंगावर रुपयाएवढा पांढरा डाग पडला की पुढे काय काय ऐकावं लागतं ते तुला सांगायला नको. आधीच मानसिक आजाराचा शिक्का, त्यात कोडाचा संशय. आजार बरा होईल आणि डाग राहील. गोंद निवडताना चिकटपणाच्या आकड्याआधी त्या मुलीचा विचार कर.

तिच्या कपड्यांचाही कर. पट्टी वरच्या दंडावर लावा म्हणतात, तिथे ब्लाऊजची बाही संपते. पाठीवर लावली तर ब्लाऊजच्या गळ्यातून दिसते. कमरेला परकराची नाडी घासते. मांडी राहते, तिथे लावली तर कुणाला दिसत नाही आणि सासरच्या घरात एकटीला बदलताही येते. आणि पट्टीचा वरचा पापुद्रा गोऱ्या कातडीच्या रंगाचा असला तर आपल्या दंडावर तो लांबून उठून दिसतो. पारदर्शक करता येतो का बघ. कोकणातला जून, विदर्भातला मे, आंघोळीआधीचं खोबरेल, आंघोळीनंतरची पावडर, या सगळ्यात ती २४ तास टिकायला हवी. आणि उन्हाचा दुसरा प्रश्नही आहे. कातडी तापली की तिथला रक्तप्रवाह वाढतो आणि औषध जास्त वेगानं आत जातं. तापात, गरम पिशवीनं शेकताना, भर उन्हात राबताना मात्रा बदलते. वेदनेवरच्या फेंटानिलच्या पट्टीनं हा धडा जगाला फार महागात शिकवलाय.

काढलेल्या पट्टीचं काय, हाही प्रश्न तुझाच. मघाच्या सेलेजिलिनच्या पट्टीत २० मिलिग्रॅम भरलेलं असतं आणि दिवसभरात ६ आत जातं. उरलेलं १४ कचऱ्याच्या डब्यात, रांगत्या मुलाच्या हाताशी. म्हणून चिकट बाजू आत घेऊन घडी घालून टाकायची हे मराठीत, ठळक, चित्रासकट लिहिलेलं हवं. रिवास्टिग्मिनच्या बाबतीत तर जुनी न काढताच नवी लावल्यानं मात्रा वाढण्याचे प्रकार घडले. लोक रुग्णालयात दाखल झाले, क्वचित मृत्यूही झाले. आजींना एक सून सकाळी लावते, दुसरी संध्याकाळी, दोघींनाही वाटतं आपणच लावायची. पट्टीवर तारीख लिहायला जागा ठेवलीस तर या घरावर तुझे उपकार होतील.

आता मनातलं सांगते. धाकट्या मावशीच्या आजारपणात तू खूप लहान होतीस. तिला गोळ्या नको होत्या, म्हणून घरच्यांनी त्या कुटून चहात घालायला सुरुवात केली. कुणाचाही हेतू वाईट नव्हता, सगळे थकले होते. एक दिवस तिला कपाच्या तळाशी साखरेसारखे पांढरे कण दिसले. तिनं बोट लावून चाखले, कडू लागले. त्या दिवसापासून ती स्वतःचा चहा स्वतः करायची, गॅसपाशी उभी राहूनच प्यायची. मग आमटी खाईना, मग कुणी वाढलेलं काहीच खाईना. लोक माझ्या अन्नात काहीतरी घालतात, हा तर तिचा आजारातला संशय होता आणि आपल्याच माणसांनी तो खरा करून दाखवला. गोळ्या सुटल्या त्या सुटल्याच, तिचा आपल्यावरचा विश्वासही परत यायला वर्षं लागली.

म्हणून मला भीती वाटते. पट्टी हातात आली की थकलेल्या घराला पहिला विचार सुचेल, झोपेत पाठीवर लावून टाकू, हात पोचणार नाही. डिमेन्शियात पाठीवर लावतात, ते समजण्यासारखं आहे. पण ज्याला कळतंय, ज्याचं मत आहे, त्याला चोरून पट्टी लावणं हे चहात गोळी घालण्याहून वेगळं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं प्रौढ माणसाला आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क दिलाय. फ्लुफेनाझिनसारखी काही आठवड्यांची इंजेक्शनं आपल्याकडे आहेतच, नियमितपणा हवा असेल तर ती स्वस्त आणि खात्रीची. पण एकदा टोचलेलं इंजेक्शन बाहेर काढता येत नाही. पट्टी उघडी असते, लावणाऱ्याला दिसते, नको झाली तर काढता येते. पुष्कळ जण याला दोष म्हणतात. मला तो तिचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. जो माणूस औषध घ्यायला तयार आहे पण गोळीनं हैराण झालाय, त्याच्यासाठी पट्टी आहे. जो तयारच नाही, त्याच्याशी बोलायला माणूस लागतो, तिथे तुझा गोंद काही करू शकत नाही.

खर्चाचंही मनात ठेव. सरकारी दवाखान्यात रिस्पेरिडोनची गोळी फुकट मिळते. तुझ्या पट्टीला शेकडो रुपये पडणार असतील तर ती कुणाला परवडेल? पापुद्रे, गोंद, नॅनोचा थाट, प्रत्येक गोष्ट वाढवताना विचार, ही खरंच लागतेय का?

‘वेड्यांची औषधं करतेस का गं’ असं कुणी विचारेलच, अगदी आपल्या घरातही. लाजू नकोस आणि भांडूही नकोस. ‘हो, मनोविकारावरचं औषध करते,’ एवढं सरळ सांग. ज्या घरात कुणीतरी गुपचूप गोळी घेतंय, तिथलं ते माणूस मग तुला हळूच बाजूला घेऊन प्रश्न विचारेल. बघ, असंच होईल.

आता सिनॉप्सिस भरायच्या आधी माझ्यासाठी एक काम कर. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात किंवा तुझ्या जवळच्या जिल्हा रुग्णालयात रीतसर परवानगी काढ आणि बाह्यरुग्ण विभागाच्या औषधाच्या खिडकीशी काही सकाळी उभी राहा. रुग्णांची नावं विचारू नकोस, काही लिहून घेऊ नकोस, नैतिक समितीच्या मंजुरीशिवाय ते करायचं नसतं. फक्त ऐक. तिथल्या फार्मासिस्टला आणि सोशल वर्करला विचार, कुठल्या गोळ्या परत येतात आणि लोक काय कारण सांगतात. मग घरी येऊन त्या औषधांची रोजची मात्रा, मॉलिक्यूलचं वजन आणि लॉग पी, म्हणजे चरबीत-पाण्यात विरघळण्याचं प्रमाण, एका कागदावर मांड. ज्या औषधात माणसाची अडचण आणि कातडीचा हिशेब दोन्ही जुळतील, ते सरांपुढे ठेव. ते नाही म्हणणार नाहीत. मुलगी स्वतः विचार करून आली की बहुतेक गाईडना आनंदच होतो. आणि ते अडून बसलेच, तर तो कागद मला पाठव. दिवाळीत घरी येशील तेव्हा आपण दोघी बसून गोंद निवडू.